दुकानात क्रिप्टो पेमेंट घ्यायचं असेल तर: पहिल्या बिलापासून आयकर रिटर्नपर्यंत

पुण्यात नाना पेठेत माझं टी-शर्ट, मग आणि लॅनयार्ड छापायचं छोटं युनिट आहे. गिऱ्हाईक म्हणजे कॉलेजं, गणपती मंडळं आणि आयटीतल्या छोट्या कंपन्या. अशाच एका कंपनीतल्या पोरांनी हॅकेथॉनसाठी साठ टी-शर्ट सांगताना विचारलं, "दादा, यूएसडीटी घेता का?" यूएसडीटी म्हणजे डॉलरच्या भावाला बांधलेलं एक क्रिप्टो नाणं. मी नाही म्हटलं, कारण घेतलं तर पुढे त्याचं काय करायचं हेच मला ठाऊक नव्हतं. मग दोन-तीन महिने बसून शिकलो, आमच्या सीए मॅडमना भरपूर प्रश्न विचारले, आणि आता महिन्याला एखाद-दुसरं बिल असं घेतो. नव्यानं सुरू करणाऱ्याला जे सरळ एका जागी मिळायला हवं होतं, ते इथे लिहितो.

एक गोष्ट आधीच सांगतो. क्यूआर कोड लावून नाणं घेणं दहा मिनिटांत जमतं. खरं काम त्यानंतरच्या वहीचं आहे. वही ठेवायची तयारी नसेल तर या वाटेला जाऊ नका.

आधी विचारा: तुमच्याकडे कोण देणार आहे?

यूपीआयवर १ जानेवारी २०२० पासून दुकानदाराला शुल्क नाही आणि पैसे त्याच क्षणी खात्यात येतात. किराणा, वडापाव, सलून अशा धंद्यात क्रिप्टोनं काहीही सोपं होत नाही. ते उपयोगी पडतं ते मोजक्या ठिकाणी: ज्यांचं गिऱ्हाईक स्वतः त्या क्षेत्रात काम करतं आणि ज्यांच्या हातात नाणी पडून असतात. वेबसाइट करणारे, डिझायनर, व्हिडिओ एडिटर, प्रिंटिंगवाले, गेमिंगचं सामान विकणारे. तीन-चार नेहमीच्या गिऱ्हाइकांनी आपणहून विचारलं असेल तर पुढे वाचा.

परदेशी गिऱ्हाइकाचं प्रकरण वेगळं आहे, आणि आपली बरीच फ्रीलान्सर मंडळी नेमकी इथेच अडकतात. तुम्ही कोथरूडमध्ये बसून बर्लिनच्या कंपनीचं काम केलं, तर ती सेवेची निर्यात. निर्यातीवर जीएसटी शून्य, पण त्यासाठी पैसे परिवर्तनीय परकीय चलनात आले पाहिजेत, किंवा रिझर्व्ह बँकेनं परवानगी दिलेल्या मार्गानं रुपयात. यूएसडीटी डॉलरच्या भावानं चालत असलं तरी ते परकीय चलन नव्हे. म्हणजे शून्य टक्क्याचा हक्क धोक्यात येतो आणि एरवी लागला नसता तो १८ टक्के जीएसटी तुमच्या खिशातून जाऊ शकतो. शिवाय फेमा, म्हणजे परकीय चलनाच्या व्यवहारांच्या कायद्यानुसार परदेशातला पैसा अधिकृत बँकेमार्फत यायला हवा. त्याचा बँकेकडून मिळणारा दाखला क्रिप्टोत मिळतच नाही. गोव्यात किंवा मालवणात होमस्टे चालवणाऱ्यांनाही परदेशी पाहुण्याकडून घेताना हाच फेमा आडवा येतो. माझा स्पष्ट सल्ला: परदेशातून बँकेनंच घ्या, क्रिप्टो फक्त भारतात राहणाऱ्या गिऱ्हाइकाकडून.

कायद्यात हे कुठे बसतं

रिझर्व्ह बँकेनं ६ एप्रिल २०१८ ला परिपत्रक काढून बँकांना क्रिप्टोच्या व्यवहारांपासून दूर राहायला सांगितलं होतं. सर्वोच्च न्यायालयानं ४ मार्च २०२० ला ते रद्द केलं. तेव्हापासून स्थिती अशी: क्रिप्टो हे कायदेशीर चलन नाही, त्यामुळे ते घ्याच असं गिऱ्हाईक तुम्हाला सांगू शकत नाही. पण दोघांची राजीखुशी असेल तर घेण्यावर बंदीही नाही. २०२२ च्या वित्त कायद्यानं त्याला 'आभासी डिजिटल मालमत्ता' असं नाव देऊन कर लावला. म्हणजे कायद्याच्या नजरेत तुम्ही पैसे घेत नाही, तर मालाच्या बदल्यात एक मालमत्ता घेता. हे एक वाक्य डोक्यात बसलं की पुढचे सगळे नियम समजतात.

रिझर्व्ह बँकेचा डिजिटल रुपया याहून अगदी वेगळा. तो १ डिसेंबर २०२२ पासून प्रायोगिक तत्त्वावर किरकोळ व्यवहारात आहे आणि तो खराखुरा रुपयाच आहे. त्याला खालचं काहीही लागू नाही.

कोणतं नाणं, कोणतं नेटवर्क

सुरुवातीला एकच नाणं घ्या. मी यूएसडीटी घेतो, कारण त्याचा भाव डॉलरला बांधलेला असतो. सकाळी घेतलेले शंभर संध्याकाळीही साधारण तेवढेच असतात. बिटकॉइन दोन दिवसांत आठ-दहा टक्के घसरलेलं मी अनेकदा पाहिलंय, आणि छपाईच्या धंद्यात आमचा नफाच तेवढा असतो. यूएसडीटीलाही धोका आहे. ते काढणारी टेथर कंपनी एखाद्या पत्त्यावरची (पत्ता म्हणजे नाणी जमा होतात तो खाते क्रमांकासारखा आकडा) नाणी गोठवू शकते, आणि चोरीचा माल फिरत असल्याचं कळलं की गोठवतेही. म्हणून ते साठवून ठेवायचं नाही.

बिटकॉइनच घ्यायचं असेल तर वेळेचा हिशेब करा. व्यवहारांची नोंद गठ्ठ्यानं, म्हणजे ब्लॉकनं होते, आणि एक ब्लॉक सरासरी दहा मिनिटांचा. छोट्या बिलाला एक कन्फर्मेशन, म्हणजे एका ब्लॉकमध्ये नोंद, पुरतं, मोठ्याला लोक सहापर्यंत थांबतात, म्हणजे तासभर. काउंटरवर गिऱ्हाईक तासभर उभं राहणार नाही. बिटकॉइनच्याच जलद लाइटनिंग नेटवर्कवर क्षणात होतं, पण त्याचं वॉलेट (नाणी ठेवायचं ॲप) वेगळं आणि शिकणंही वेगळं.

आता नेटवर्क, म्हणजे नाणं ज्या रस्त्यानं जातं तो. एकच यूएसडीटी इथेरियमवर असतं, ट्रॉनवर असतं, बीएनबी चेनवर असतं. नाव एकच असलं तरी रस्ते वेगळे. ट्रॉनचा पत्ता इंग्रजी 'टी' अक्षरानं सुरू होतो, त्यामुळे तो लगेच ओळखू येतो. इथेरियम आणि बीएनबी चेनचे पत्ते मात्र दिसायला अगदी सारखे, दोन्हींची सुरुवात शून्य आणि एक्सनं.

यातूनच माझा एकदा घाम निघाला होता. पंचवीस मगांचं बिल. मी पत्ता दिला तो इथेरियमच्या विचारानं. पोरानं शुल्क कमी पडतं म्हणून बीएनबी चेननं पाठवलं. त्याच्या मोबाइलवर हिरवी टिक, माझ्या वॉलेटमध्ये शून्य. सगळे पंचवीस मग खोक्यात भरलेले, तो घ्यायला उभा, आणि आम्ही दोघं एकमेकांच्या स्क्रीनकडे बघतोय. पाऊण तासानं कळलं की वॉलेट माझं स्वतःचं होतं म्हणून नाणी हरवली नव्हती, फक्त वॉलेटमध्ये ते नेटवर्क जोडलेलं नव्हतं. जोडल्यावर रक्कम दिसली. पण ती हलवायची तर त्या नेटवर्कचं शुल्क बीएनबी नाण्यातच भरावं लागतं, आणि ते माझ्याकडे नव्हतं. आधी थोडं बीएनबी आणलं, मग पैसे सुटले. हाच पत्ता एखाद्या एक्स्चेंजच्या, म्हणजे नाण्यांची खरेदी-विक्री करून देणाऱ्या कंपनीच्या, खात्याचा असता आणि ते एक्स्चेंज तिथे ते नेटवर्क घेत नसतं, तर त्यांच्या मदत-विभागापुढे हात जोडत बसावं लागलं असतं.

तेव्हापासून कोटेशनवरच ठळक छापतो: 'यूएसडीटी, फक्त ट्रॉन नेटवर्क.' आणि ट्रॉनचं शुल्क भरायला थोडं टीआरएक्स, म्हणजे ट्रॉनचं स्वतःचं नाणं, वॉलेटमध्ये कायम ठेवतो.

वॉलेट आणि एक्स्चेंज: दोन्ही लागतात

वॉलेट म्हणजे तुमची स्वतःची तिजोरी, एक्स्चेंज म्हणजे नाण्याचे रुपये करून देणारं दुकान. एक्स्चेंज निवडताना पहिली अट: ते केंद्र सरकारच्या वित्तीय गुप्तवार्ता विभागाकडे, म्हणजे एफआययू-इंडियाकडे नोंदलेलं हवं. ७ मार्च २०२३ च्या अधिसूचनेनं हे धंदे मनी लॉन्डरिंगविरोधी कायद्याखाली आले. दुसरी अट: तिथे बाहेरच्या वॉलेटमधून नाणं जमा करता येतं का, आणि कोणत्या नेटवर्कवर? ही सोय सगळीकडे सारखी नसते. केवायसी करायच्या आधीच विचारून घ्या. खातं ज्या नावानं, बँक खातंही त्याच नावानं. मालकी धंदा असेल तर मालकाच्या नावानं, कंपनी असेल तर कंपनीच्या.

बँक खातं मात्र वेगळं काढा. यावर मी अडून बसतो. ज्या खात्यातून कामगारांचा पगार, लाइट बिल आणि कापडवाल्याचे चेक जातात, ते खातं एक्स्चेंजला जोडू नका. कारण पुढे येतंच आहे.

वॉलेट सुरू करताना बारा किंवा चोवीस शब्द मिळतात. ते शब्द म्हणजे तिजोरीची किल्ली. कागदावर पेननं लिहा, दोन प्रती करा, एक घरी आणि एक दुसऱ्या सुरक्षित जागी. त्याचा फोटो काढायचा नाही, व्हॉट्सॲपवर स्वतःलाही पाठवायचा नाही. कोणतीही कंपनी, कोणताही मदत करणारा माणूस ते शब्द मागत नाही. मागितले की तो चोर. काउंटरवरच्या पोराच्या मोबाइलवर फक्त बघता येणारं वॉलेट लावा: आलेली रक्कम दिसते, पाठवता मात्र येत नाही.

आणि एक्स्चेंजवरही रक्कम साठवू नका. १८ जुलै २०२४ ला वझीरएक्सवर चोरी होऊन सुमारे २३ कोटी डॉलरची नाणी गेली आणि ग्राहकांचे पैसे काढणं थांबलं. तो दिवस आठवतो, म्हणून नाणं आलं की मी त्याच संध्याकाळी विकून रक्कम बँकेत आणतो.

बिल रुपयातच

दरपत्रक रुपयात, बिल रुपयात, जीएसटी रुपयात. क्रिप्टो हा फक्त पैसे चुकवण्याचा मार्ग. समजा डिझाइनचं काम ९,००० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी १,६२०, एकूण १०,६२०. उदाहरणापुरता यूएसडीटीचा भाव ९० रुपये धरा, तर झाले ११८ यूएसडीटी. बिलाखाली एक ओळ लिहा: कोणत्या एक्स्चेंजचा भाव, किती वाजताचा, आणि तो किती मिनिटं लागू. मी पंधरा मिनिटं देतो. त्यानंतर पाठवलं तर नवा भाव. ही ओळ नसेल तर 'काल तर एवढा होता' हा वाद ठरलेला.

भाव डॉलरच्या बँकदरानं लावू नका. भारतातल्या एक्स्चेंजवर यूएसडीटीचा रुपयातला भाव बँकदरापेक्षा वेगळा असतो, बहुतेक वेळा थोडा चढा. जिथे विकणार आहात तिथलाच भाव धरा.

पैसे आले हे कसं ओळखायचं

स्क्रीनशॉटवर माल सोडायचा नाही. यूपीआयचे खोटे स्क्रीनशॉट दाखवणारे आपण पाहिलेत, इथेही तेच चालतं. गिऱ्हाइकाकडून ट्रान्झॅक्शन आयडी घ्या आणि स्वतः एक्स्प्लोररवर, म्हणजे व्यवहार दाखवणाऱ्या साइटवर, तपासा: ट्रॉनसाठी ट्रॉनस्कॅन, इथेरियमसाठी इथरस्कॅन, बिटकॉइनसाठी मेमपूल डॉट स्पेस. चार गोष्टी बघायच्या. पत्ता तुमचाच आहे का, रक्कम पूर्ण आहे का, व्यवहार कन्फर्म झालाय का, आणि नाणं खरं आहे का. शेवटचं महत्त्वाचं, कारण 'यूएसडीटी' नावाचं खोटं टोकन कुणीही बनवू शकतं. खऱ्याचा काँट्रॅक्ट पत्ता, म्हणजे त्या टोकनची ओळख पटवणारा पत्ता, टेथरच्या संकेतस्थळावर असतो, तो एकदा जपून ठेवा. बिटकॉइनचा कन्फर्म न झालेला व्यवहार पाठवणारा बदलूही शकतो, म्हणून 'पाठवलंय, येईल' यावर खोकं हातात द्यायचं नाही.

पत्ता जुन्या व्यवहारांच्या यादीतून कधीही कॉपी करू नका. चोर मुद्दाम तुमच्यासारखीच पहिली-शेवटची अक्षरं असलेल्या पत्त्यावरून किरकोळ रक्कम पाठवतात, म्हणजे यादीत तो पत्ता दिसेल आणि पुढच्या वेळी तुम्ही तोच उचलाल. मोठ्या बिलाला आधी पाच यूएसडीटी पाठवून बघायला सांगा. गिऱ्हाइकाला शुल्क दोनदा पडतं, पण दोघांची झोप शाबूत राहते.

रुपये करताना

एक्स्चेंजवर सरळ बाजारभावानं विका. 'पी-टू-पी'मध्ये, म्हणजे अनोळखी माणसाला नाणं देऊन त्याच्याकडून यूपीआयनं पैसे घेण्यात, भाव दोन-तीन रुपये जास्त मिळतो म्हणून लोक तिकडे जातात. मी हात जोडून सांगतो, जाऊ नका. समोरच्यानं पाठवलेला पैसा कुणाला फसवून आणलेला असेल, तर त्या फसलेल्या माणसानं १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार केली की पैशाचा माग तुमच्या खात्यापर्यंत येतो आणि खातं किंवा त्यातली रक्कम गोठवली जाते. पोलीस ठाणं कधी तेलंगणातलं, कधी हरियाणातलं. चूक तुमची नसते, तरी कागद घेऊन फिरावं तुम्हालाच लागतं. ओळखीतल्या एका मोबाइल दुरुस्तीवाल्याचं चालू खातं असंच ऐन दिवाळीत अडकलं आणि त्याला पोरांचे पगार उसने आणून करावे लागले. वेगळ्या खात्याचा आग्रह त्यासाठीच.

याच कारणानं, कुणी येऊन म्हणालं, "दादा, एवढे यूएसडीटी घ्या आणि रोख द्या, वर दोन टक्के तुमचे," तर चहा पाजून परत पाठवा. स्वतःच्या मालाचे पैसे घेणं वेगळं आणि इतरांची नाणी बदलून देण्याचा धंदा वेगळा. या बदलून देण्याच्या धंद्याला एफआययूची नोंदणी लागते.

आता वरच्या ११८ यूएसडीटीचं काय होतं ते पाहू. त्याच संध्याकाळी भाव ८९.५० मिळाला, तर आले १०,५६१. विकताना एक्स्चेंज १ टक्का टीडीएस कापतं, १०५.६१. शुल्क समजा अर्धा टक्का, ५२.८१, आणि त्यावर १८ टक्के जीएसटी ९.५१. खात्यात पडले १०,३९३ रुपये. टीडीएस रिटर्नमध्ये वळता होतो, म्हणून तो खर्च नव्हे. खरा खर्च भावातले ५९ आणि शुल्काचे ६२, असे १२१ रुपये. यूपीआयनं शून्य झाला असता. हा फरक परवडतो का, हे प्रत्येकानं आपल्या धंद्यात बघावं. मला परवडतो, कारण ती ऑर्डर एरवी दुसरीकडे गेली असती.

रिफंड

क्रिप्टोचा व्यवहार उलटा फिरवता येत नाही, म्हणून रिफंडचा नियम बिलावरच असू द्या. माझा नियम असा: परतावा बिलातल्या रुपयांइतका, आणि रुपयातच, गिऱ्हाइकाच्या बँक खात्यात. गिऱ्हाइकानं नाण्यातच हवा असा हट्ट धरला आणि तुम्ही मान्य केलं, तर त्याच्याकडून नवा पत्ता लेखी घ्या. पैसे ज्या पत्त्यावरून आले त्यावर परत पाठवू नका. त्यानं एक्स्चेंजवरून पाठवलं असेल तर तो पत्ता एक्स्चेंजच्या सामायिक तिजोरीचा असतो. तिथे गेलेली रक्कम त्या गिऱ्हाइकाच्या नावावर पडेलच असं नाही.

कराची वही

मी साधी एक्सेल शीट ठेवतो. रकाने असे: बिल नंबर, तारीख आणि वेळ, गिऱ्हाइकाचं नाव आणि पॅन, नाणं, नेटवर्क, संख्या, रुपयातला भाव, ट्रान्झॅक्शन आयडी. मग विकल्याची तारीख, भाव, शुल्क, टीडीएस. प्रत्येक ओळीला बिलाची पीडीएफ आणि एक्स्प्लोररच्या पानाची प्रिंट. वर्षाअखेरी हे सगळं शोधायला बसलात तर एक्स्चेंजचं स्टेटमेंट आणि तुमची बिलं कधीच जुळत नाहीत. त्याच दिवशी भरा.

कर दोन जागी लागतो. नाणं आलं त्या दिवशीची रुपयातली किंमत ही तुमची नेहमीची विक्री, तिच्यावर धंद्याचा नेहमीचा कर आणि जीएसटी. जीएसटीचे १,६२० रुपये पुढच्या महिन्यात रुपयातच भरायचे, मधल्या काळात नाणं घसरलं तरी. मग ते नाणं विकलं तेव्हा आल्या दिवशीच्या किमतीपेक्षा जे जास्त मिळालं, त्यावर सरळ ३० टक्के आणि वर ४ टक्के उपकर. ११८ यूएसडीटी थांबून ९३ रुपयांना विकले तर नफा ३५४, कर सुमारे ११० रुपये. एक्स्चेंजचं शुल्क या नफ्यातून वजा होत नाही. आणि तोटा झाला तर तो कशातूनही वजा होत नाही, दुसऱ्या नाण्याच्या नफ्यातूनही नाही, पुढच्या वर्षीही नाही. त्याच दिवशी विकायचा माझा हट्ट या नियमातूनच आलेला आहे.

तिसरी बाब बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. नाण्याच्या बदल्यात माल देताना कायद्यानं तुम्ही नाण्याचे खरेदीदार असता, आणि खरेदीदारावर १ टक्का टीडीएसची जबाबदारी १ जुलै २०२२ पासून आहे. मालाच्या रूपात मोबदला देताना कापायला रोख रक्कमच नसते, म्हणून माल सोडण्याआधी गिऱ्हाइकानं तो कर भरलाय याची खात्री तुम्ही करून घ्यायची असते. मालकी धंदा असेल आणि आदल्या वर्षीची उलाढाल १ कोटीच्या आत असेल, तर आर्थिक वर्षात ५०,००० रुपयांपर्यंत यातून सूट आहे. कंपनी किंवा भागीदारी असेल तर मर्यादा फक्त १०,०००. मी वर्षाचा आकडा ५०,००० च्या आत ठेवतो आणि शीटमध्ये वरच चालू बेरीज दिसेल अशी सोय केली आहे. आकडा ४५,००० ला टेकला की एप्रिलपर्यंत क्रिप्टो बंद, गिऱ्हाइकाला यूपीआयचा क्यूआर दाखवायचा.

बोलण्यात ही कलमं अजून ११५बीबीएच (३० टक्के कर) आणि १९४एस (१ टक्का टीडीएस) म्हणूनच येतात. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा, २०२५ लागू झाल्यानं क्रमांक बदललेत. सीएंशी बोलताना गोंधळू नका.

आजवर सुगम म्हणजे आयटीआर-४ भरत आला असाल, तर त्यात आभासी मालमत्तेचं परिशिष्टच नसतं. आयटीआर-३ भरावा लागतो आणि त्याची फी सीए थोडी जास्त घेतात. वर्षभरात एकच बिल असं घेतलं असलं तरीही. पहिलं बिल फाडायच्या आधी त्यांना फोन करून ही फी विचारून घ्या. माझ्याकडे ती पहिल्या वर्षी दोन ऑर्डरींचा नफा खाऊन गेली होती.